चिंगीचा रिपोर्ट

"ही चिंगी कुणाची गं? मी बघितल्याचं आठवत नाही." कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट डोळ्यांजवळ धरला. "सोमवारी प्रोजेस्टेरॉन बरं होतं, आज निम्म्याच्याही खाली! हे हार्मोन असं कोसळलं की पिल्लं पोटात टिकत नाहीत. मालकाला फोन लाव. आहे तशी घेऊन या म्हणावं."

रक्त तपासणारी त्यांची मदतनीस मशीनपाशी उभीच राहिली.

"अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? याआधी दोनदा गर्भ गेलाय, असं तूच लिहिलंयस इथे. तिसऱ्यांदाही हातावर हात धरून बसायचं?"

तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

बाईंनी इंजेक्शनची बाटली काढली, सिरिंजचं पाकीट फोडलं. "कागदावर ना जात, ना वय, ना वजन! लक्ष कुठे असतं तुझं? डोस काय अंदाजाने देऊ? वजन सांग आधी."

तिने ॲप्रनची बाही कोपराच्या वर सरकवली. तिथे चिकटपट्टीखाली कापसाचा ताजा बोळा होता.

"चोपन्न किलो, मॅडम."