नऊ वाजून चाळीस मिनिटं

मुलांनो, घटकाभर असं समजा की तुमच्या टॅबला कुलूप आहे आणि त्याची किल्ली बाबांच्या खिशात आहे. बाबा मात्र कुवेतला, वर्षातून एकदा घरी येणारे. तुम्ही अकरा वर्षांच्या, इजिप्तमधल्या मन्सूरात राहणाऱ्या, आणि तुमचं नाव रीहाम. समजलात? मग आता गुपचूप ऐका, कारण शुक्रवारची दुपार आहे आणि घरात भांडण पेटलंय.

टॅब टेबलावर पडला होता. काळ्या पडद्यावर एकच बटण: ‘वडिलांकडे परवानगी मागा’. सहा दिवसांत रीहामने त्याला बोट लावलं नव्हतं.

तिची आई, नग्वा, कोबीच्या पानांत भात भरून वळकट्या करत होती. तिचा बटणांचा जुना फोन शेजारी मोठ्या आवाजात चालू होता. त्यातून बाबा बोलत होते.

“आधी तिला माफी मागायला सांग. मग ते बटण दाबू दे. मग बघतो उघडायचं की नाही.”

“मी नऊच्या आत बंद केला होता,” रीहाम म्हणाली. “तुम्ही सांगितलंत तसा.”

“परत खोटं! शनिवारी रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांपर्यंत चालू होता. माझ्या फोनवर सगळं येतं. यंत्र खोटं बोलतं का?”

“मग मी बोलते का?”

“ऐकलंस, नग्वा? ही जीभ कोणी दिली हिला? तू घरात असून करतेस काय?”

“मी? धुणं, भांडी, हिची शाळा, तुमच्या आईचा दवाखाना. तुम्ही बसा तिथे बटणं दाबत.” नग्वाने पान इतकं आवळलं की ते फाटलं. तो राग मग लेकीवर निघाला. “आणि तू ग! चार शब्दांनी झिजणार आहेस? सहा दिवस झाले, तुझं तोंड दिसलं नाही त्यांना.”

ते खरं होतं. घरात कॅमेरा तेवढा टॅबलाच. एरवी रोज बाबा त्यातून लेकीला बघत बसायचे. रीहामलाही बाबा हवे होते. पण खोटारडी म्हणून त्यांच्यासमोर जायचं नव्हतं.

“केलंच नाही, त्याची माफी मी मागणार नाही.”

“मग राहा तशीच! महिनाभर बंद. चला, तीन वाजून गेले, साडेतीनला माझी कामावरची गाडी येते.”

“तीन कुठले?” नग्वा म्हणाली. “आत्ता तर दोन वाजलेत.”

उन्हाळाभर मन्सूरात आणि कुवेतमध्ये एकाच वेळी नऊ वाजायचे. पण हिवाळा जवळ आला म्हणून त्या शनिवारच्या दोनच दिवस आधी, गुरुवारी रात्री इजिप्तने आपली घड्याळं तासभर मागे घेतली होती. कुवेतने घेतली नव्हती.

रीहाम फोनवर वाकली. “बाबा, तुमचे नऊ-चाळीस म्हणजे आमचे किती?”

“ते आत्ता कशाला?” बाबा म्हणाले.

“सांगा ना. किती?”

“बरं, बरं. आवाज चढवायचं कारण नाही. बापाच्या चुका काढायला बरी शिकलीस.” त्यांनी घसा खाकरला. “उघडलाय मी टॅब. चल, तोंड दाखव लवकर, मला उशीर होतोय.”

टॅब उजळला आणि वाजू लागला.

“घे,” नग्वा दबक्या आवाजात म्हणाली. “घे ग बाई, आता ताणू नकोस.”

रीहामने घेतला. पडद्यावर बाबा आले. दाढी वाढलेली, डोळे बारीक करून तिला शोधत होते. “कुठे आहेस? बाळ, समोर ये ना.”

तिने टॅब फिरवला. स्टूल ओढून ती दारावरच्या घड्याळाखाली उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तो उंच उचलून पडदा घड्याळासमोर धरला.

“रीहाम? हे काय? अग, गाडी आली माझी. एकदा दिस ना.”

तिचे दंड भरून आले. टॅब तिने तसाच धरून ठेवला.