कानाने लावलेला भाव

“हा ड्रम तुम्ही मला नऊ हजारांना विकलात,” वादकाने ड्रम गल्ल्याशेजारी आदळला. “चार हजारांच्या वर कुणी विचारणार नाही याला. ऐका.”

त्याने काठी मारली. आवाजाच्या मागोमाग बारीकशी चरचर आली, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. कोपऱ्यात एका ड्रमचं लोखंडी कडं घासत बसलेल्या दुकानदाराच्या लेकीचा हात थांबला.

दुकानदाराने मात्र मान डोलावली. “झकास बोलतोय की!”

जुन्या ड्रमच्या त्या गल्लीत बाकी सगळे गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगायचे. हा एकटा ड्रमला तीन टिचक्या मारायचा, कान लावायचा आणि आतल्या बाजूला खडूने आकडा लिहायचा. आकडा लिहिला की घासाघीस बंद. दहा दुकानं ओलांडून लोक त्याच्याकडे यायचे, ते त्या कानाच्या भरवशावर.

“झकास?” वादकाने पुन्हा काठी मारली. पुन्हा चरचर. “कड्याखाली लाकडाला तडा गेलाय. काल भर कार्यक्रमात माझी शोभा झाली. पुढची दोन कामं हातची गेली. आता खरं सांगा, हे तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, की ऐकून गप्प बसलात?”

लेक उठली. “अहो, बाबांना हल्ली…”

“ऐकू आलं होतं,” दुकानदार घाईघाईने म्हणाला. “तडा ठाऊक होता मला. तुम्ही नडलेले दिसलात, म्हणून भाव चढवला.”

त्याने गल्ल्यातून नऊ हजार काढून पुढे सरकवले. मान काही वर केली नाही.

वादक भांडायच्या तयारीने आला होता. त्याने काठी खिशात घातली. “माझ्या वडिलांनी मला पहिला ड्रम इथूनच घेऊन दिला होता,” तो म्हणाला. “तुम्हीसुद्धा गल्लीतल्या बाकीच्यांसारखेच निघालात.” पैसे न मोजताच खिशात कोंबून तो पायऱ्या उतरला.

लेकीला रडू आवरेना. “उभ्या जन्मात कुणाचा पैसा जास्त घेतला नाहीत, बाबा. आणि आज आपल्या तोंडाने लबाड म्हणवून घेतलंत?”

“लबाडाकडे लोक भांडायला तरी येतात गं. बहिऱ्याकडे कशाला येतील?”

तिने मांडणीकडे पाहिलं. चाळीसेक ड्रम होते, आणि प्रत्येकाच्या आत त्याच्या हातचा आकडा. यातले किती खरे? आणि बाबांचा कान मंदावल्यापासून, गेल्या दोन वर्षांत, जे विकले गेले त्यांचं काय?

सकाळी विकायला आलेला एक ड्रम दाराशी पडला होता. दुकानदाराने तो पुढे ओढला, तीन टिचक्या मारल्या आणि वाकून कान लावला. चरचर लेकीला कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

“आठ हजार,” तो म्हणाला.

तिच्या कपाळाला आठी पडली. त्याने खडू उचलला, पण टेकवला नाही. खडू तसाच हातात धरून तो लेकीचं तोंड बघत राहिला.

“सात?” त्याने विचारलं. मग जरा थांबून, हळूच, “पाच?”