डुगडुगणारा बाक

ऐक, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. चर्चमधला अगदी शेवटचा बाक उलटा पडलाय. थोरला भाऊ त्याच्याजवळ मांडी घालून बसलाय, शेजारी हत्यारांची पिशवी. धाकटी बहीण त्याच्या डोक्यावर उभी, सारखी घड्याळ बघतेय. तासाभरात बाबांची शवपेटी यायचीय.

बाबा सुतार. एक्याण्णव वर्षांचे. परवा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, पेन्सिल कानामागंच. दादाने ती पेटीतही तशीच राहू दिली. सात मुलं, साठ वर्षांचा संसार, एक रविवार चुकवला नाही. चर्चचे चोवीसच्या चोवीस बाक त्यांच्याच हातचे, ऐन तारुण्यात केलेले. तेवीस दगडासारखे घट्ट. हा चोविसावा मात्र डुगडुगतो. एक पाय बोटभर आखूड. आणि बाबा जन्मभर नेमके ह्याच बाकावर बसले, त्या आखूड पायाच्या कडेला. आई सातही पोरांना घेऊन पहिल्या रांगेत. मागं वळून बघितलं की मांडीला चिमटा.

धाकटीचं म्हणणं, ही बाबांनी स्वतःला दिलेली शिक्षा होती. एक काम चुकलं, तर बस आता त्याच्यावरच. पण आज सगळे येणार, त्यांच्या धंद्यातलेसुद्धा येणार. कुणी टेकलं आणि बाक हलला तर? आज तरी बाबांची मान खाली जायला नको.

दादा का कू करत होता. म्हणाला, मी तीनदा विचारलं होतं, तिन्ही वेळा 'राहू दे' म्हणाले. चौथ्यांदा माझ्या हातातली हातोडीच काढून घेतली.

"आता कोण काढून घेणारंय?" धाकटी म्हणाली. आणि म्हणून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

पायाच्या तळाशी चामड्याचा एक तुकडा ठोकलेला निघाला, झिजून गुळगुळीत झालेला. दादाने तो उपटून खिशात टाकला. मापाने लाकडाचा ठोकळा कापला, सरस लावला, दोन स्क्रू पिळले. बाक सरळ केला. धाकटी बसली, इकडून झुकली, तिकडून झुकली. तसूभर हलेना. तिला एकदम हलकं वाटलं.

पण खरं सांगू? तिच्या मनात सलत होतं ते दुसरंच. सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच चर्चमध्ये तिचं लग्न झालं. बाबा तिला वेदीपर्यंत घेऊन आले, तिचा हात नवऱ्याच्या हातात दिला आणि मागं वळले. चालत नाही, जवळजवळ पळतच शेवटच्या बाकाकडे गेले. आईशेजारची त्यांची जागा रिकामी. प्रत्येक फोटोत रिकामी. सासूबाई अजून टोमणा मारतात, तुझ्या बाबांना आमच्या शेजारी बसणं जड गेलं वाटतं. तिनं एकदा विचारलंही होतं. बाबांनी रंधा थांबवला नाही, मान वर केली नाही. "मागं जरा काम होतं," एवढंच. लेकीच्या लग्नात काम! तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि आज बाबांबद्दल दोन शब्द बोलायचे ते तिनंच.

अंत्यविधीची मिस्सा सुरू झाली. चर्च खच्चून भरलं. फादरांनी खूण केल्यावर धाकटी पुढं आली, कागद उघडला, पहिली ओळ वाचली. आणि एका तान्ह्या बाळानं भोकाड पसरलं.

त्याची आई पंचविशीतली. उठली ती सरळ शेवटच्या बाकाकडे. कुणी सांगायला नको की दाखवायला नको. बाबांच्या कडेला बसली, बाळाला छातीशी धरलं आणि पायानं जमीन रेटली. काहीच नाही. पुन्हा रेटली. मग वाकून बाकाखाली बघायला लागली. बाळ लालबुंद. आणि काय सांगू तुला, चर्चमधली एकूण एक बाई मागं वळून त्या बाकाकडे बघायला लागली, अगदी दंडाला सुरकुत्या पडलेल्या म्हाताऱ्यासुद्धा.

"अगं, बाक झुलत का नाही?" बाळाची आजी दुसऱ्या रांगेतून म्हणाली.

धाकटी कागद धरून तशीच. पहिल्या रांगेतल्या दादाने खिशातून चामड्याचा तुकडा काढला, तळहातावर उलटासुलटा केला. "आवाज होऊ नये म्हणून," तो पुटपुटला. "बाळ उठू नये म्हणून."

बाळाची आजी आता धाकटीकडे बघत होती. आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, तुझ्या लग्नात ह्याच माझ्या लेकीनं चर्च डोक्यावर घेतलं होतं. तीन महिन्यांची होती. तुझा बाप पळत मागं आला, आमच्या शेजारी बसला आणि पायानं बाक झुलवत राहिला. म्हणून तर तुझं 'हो' सगळ्यांना ऐकू आलं."

आता बघ. समोर बाबांची पेटी. हातात कागद, त्यातली एकच ओळ वाचून झालेली. फादर थांबलेत, सासूबाई पहिल्या रांगेत टक लावून बसल्यात. मागं बाळ रडून रडून काळंनिळं व्हायला आलंय.

धाकटीनं कागदाची घडी घातली आणि पेटीवर ठेवली. दादाच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर घेतला. फादरांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, "मागं जरा काम आहे." आणि मधल्या वाटेनं चालायला लागली. चालायला कसली, जवळजवळ पळतच.

सांग ना, तू काय केलं असतंस?