बिल्ल्यावरचा पत्ता

कोरणाऱ्याने चार वाजेपर्यंतची मुदत दिली होती. दोनशे बिल्ल्यांवर कोणता ईमेल पत्ता कोरायचा, तेवढंच सांगायचं राहिलं होतं. नोव्हेंबरात कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर आली की प्रत्येकाच्या पुढच्या पायात एक बिल्ला अडकवायचा.

तीन वाजता हेस्टरने शेडमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. समोर डूगल चहात बिस्किट बुडवत बसला होता. कासवं मोजणाऱ्या गटातली ही दोघंच आता जुनी.

"फुकटवाला घे की," तो म्हणाला. "सगळ्यांकडे तोच आहे."

"मागच्या खेपेलाही तू हेच म्हणाला होतास."

मागच्या खेपेला त्यांनी टेलिफोन कंपनीचा पत्ता घेतला होता. ती कंपनी या महिनाअखेर आपली ईमेल सेवा बंद करत होती. तोच पत्ता पायात घेऊन तीनशे अकरा कासवं समुद्रात होती. सॉलोमन बेटांवरच्या एखाद्या कोळ्याला त्यातलं एक सापडलं, तरी पुढच्या महिन्यापासून त्याचं पत्र कुठेच पोचणार नव्हतं.

"मग? पोहत जाणार आहेस त्यांच्या मागे?"

"परत येतील त्यांचे बिल्ले बदलू. बाकीच्यांचं काही करता येत नाही. पण ही चूक दुसऱ्यांदा नाही." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "पत्त्यातलं @ नंतरचं हे नाव आपल्या मालकीचं. गटाच्या नावावर नोंदवायचं. ईमेल सांभाळणारी कंपनी बुडाली तर दुसरी बघू. पत्ता हाच राहील. आणि बिल्ल्यावर मावतो, मोजलीत अक्षरं."

डूगलने चष्मा चढवून सगळं वाचलं. "नोंदणी एका वेळी दहाच वर्षांची. दहा वर्षांनी मी ब्याऐंशीचा. तू?"

"माझं वय राहू दे. कासवं येतील का, ते सांग."

"येणारच. त्यांना काय धाड भरलीय!"

हेस्टरने नाव नोंदवलं. मग कोरणाऱ्याला फोन लावून पत्ता एकेक अक्षर करून सांगितला आणि त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. चार वाजायला वीस मिनिटं होती.

भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी, थेट भिंतीवर, तिने जाड पेनाने दहा वर्षांनंतरची तारीख लिहिली. खाली लिहिलं : पत्त्याची नोंदणी वाढवणे. त्याखाली : जबाबदारी.

त्यापुढे एका नावापुरती जागा सोडून तिने पेनाला टोपण लावलं.