तंबूचं पलीकडचं टोक

बायको वारल्यावर एकट्यानं कॅम्पिंगला जाऊ नये, असं बारामतीतल्या सगळ्या नातेवाइकांचं मत पडलं. आजवर तंबूला आणि मला तीच उभं करायची, हे त्यांना ठाऊक होतं. तरी इंदापूर गाठून मी उजनी धरणातल्या आमच्या नेहमीच्या बेटावर निघालो. "वैनी न्हाय आल्या?" नावाडी सिद्धूतात्यांनी विचारलं. "वारं सोसत नाही तिला." "वारं तुमाला सोसत न्हाय, रवींद्रराव!" मला उतरवून ते हसत जवळच जाळं टाकायला गेले. टेकडी चढून तंबू उभारायला घेतला. कापडाच्या फडफडीनं काठावरचे रोहित पक्षी उडाले; तंबू मात्र उभा राहिना. सवयीनं ओरडलो, "करुणा, तिकडून धर!" कापड ताठ झालं. पाण्यावरून तात्यांची हाक आली, "रवींद्रराव, वैनी कवा आल्या वो?" समोर डोक्यापर्यंत उंच कापड होतं; पलीकडं मी पाहिलं नाही. त्यासाठी हातातलं टोक सोडावं लागलं असतं.