काकांचा हात

"कोपर पोटाला चिकटवा, काका. आता पंजा उताणा करा. खांदा फिरवायचा नाही, लबाडी चालणार नाही," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली.

काकांनी दात आवळले. पंजा अर्ध्यावर येऊन अडला. शेजारी उभ्या काकूंनी स्वतःहून पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं, तेव्हा तो आणखी थोडा वळला.

"बघा! घरीही हीच मास्तरीण," काका हसले. "एक दिवस सुट्टी देईल तर शपथ."

काकांचं चष्म्यांचं दुकान होतं. स्कूटर घसरली, उजवा हात जमिनीवर टेकला गेला आणि मनगटाचा चुरा झाला. ऑपरेशन करून आत पट्टी आणि स्क्रू बसवले. पण हाड जुळलं म्हणजे हात परत आला असं नसतं. पहिल्यांदा आले तेव्हा बोटं सुजून टम्म झाली होती, साधा रुमाल धरवत नव्हता. बाकावरच्या पेशंटांना मात्र ते सांगत, "बायकोनं लाटणं घातलं!" सगळे खो खो हसत. काकूही हसत.

माणूस मोठा लाघवी. रिसेप्शनवरच्या मुलीच्या चष्म्याची सैल झालेली दांडी त्यांनी डाव्या हातानं घट्ट करून दिली. ते आले की दवाखान्यात जरा जाग आल्यासारखी वाटे.

काकू कधी चुकल्या नाहीत. मेणाचा शेक झाला की हात त्याच पुसत. शर्टाची बटणं त्याच लावत. घरचे व्यायामही नेमानं करून घेत. निघताना दारात थांबून हळूच विचारत, "पूर्ण बरा व्हायला अजून किती दिवस लागतील गं?"

"होईल हो काकू, धीर धरा," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणायची.

व्यायामाचा कंटाळा करणाऱ्यांना ती या जोडप्याचं उदाहरण द्यायची. तिच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी चालली होती. नवराबायको असावेत तर असे, असं तिनं आईला बोलूनही दाखवलं होतं.

हळूहळू मूठ वळली. स्पंज पिळता येऊ लागला. मग हातोडी धरून मनगट दोन्ही बाजूंना फिरू लागलं. शेवटच्या भेटीत तिनं मुठीचा जोर मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते आवळलं. मोडलेला हात धडक्या हाताच्या बरोबरीला आला होता.

"शाब्बास! आता हात पूर्ण वर न्या आणि झटक्यात खाली आणा. दुखतंय का बघू."

काकांनी हात डोक्यावर नेला.

काकू शेजारी वाकून टॉवेलची घडी घालत होत्या. वर गेलेला हात त्यांना दिसला मात्र, टॉवेल खाली पडला. त्या मागे सरत भिंतीला जाऊन लागल्या. डोळे गच्च मिटलेले, मान खांद्यांत गेलेली, आणि डावा हात चेहऱ्यासमोर आडवा.

"अगं, वेडी का काय? व्यायाम चाललाय," काका हसले.

दुसरं कोणी हसलं नाही.

काकूंची लांब बाही घसरली होती. मनगटाला पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा बाक होता, वर हाडाचा उंचवटा. मुलीनं असा बाक पुस्तकात पाहिला होता. मनगट मोडतं, कोणी ते बसवून घेत नाही, आणि ते वेडंवाकडंच जुळून येतं. तिची नजर काकांच्या मुठीकडे गेली. ती मूठ तिनंच पुन्हा वळवायला शिकवली होती.

"काका, तुम्ही बाहेर बसा."

"झालं ना आमचं? मग निघतो आम्ही. चल गं."

"तुमचं झालं. काकू थांबतील."

काकांनी बायकोकडे पाहिलं. काकूंनी मान वर केली नाही, पण त्या जागच्या हलल्याही नाहीत. बाकावरची माणसं उघड्या दारातून बघत होती. काका तोंडभर हसू ठेवून बाहेर गेले.

मुलीनं दार लावलं, आतून कडी घातली. काकूंना खुर्चीत बसवलं. तो डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि उंचवट्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"कधी पडला होतात, काकू?"

काकूंनी बंद दाराकडे पाहिलं. कडी नीट बसली आहे ना, ते पाहिलं.

"मी पडले नव्हते," त्या म्हणाल्या.