तिसऱ्या मजल्याची तक्रार

साधनाने टेपचं टोक भिंतीला टेकवलं आणि आकडा वाचला. सात फूट. पत्रात लिहिलं होतं तेवढंच.

तिने पत्र पुन्हा उघडलं. साधी हिंदी, खाली सही नाही. तिसऱ्या मजल्यावर प्लायवूडच्या आडभिंती घालून सहा खोल्या. माणसं सोळा. मागची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवलेली. जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी मीटरच्या वायरींचं जंजाळ. एकेक गोष्ट खरी निघत होती.

उत्तरेतल्या या शहरात, नगरपालिकेच्या इमारत विभागात तिची नऊ वर्षं झाली होती. निनावी पत्रं तिला नवी नव्हती. कुणाचं ऊन अडलेलं असायचं, कुणाची गाडी लावायची जागा गेलेली. पत्रातून राग नुसता गळत असायचा. या पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'रविवारी या, म्हणजे दोन्ही पाळ्यांचे लोक भेटतील. त्यांना हुसकू नका. खिडकी उघडून घ्या, मागून दुसरा जिना बांधून घ्या.' असं पत्र कोण लिहितं, ते तिला बघायचं होतं. म्हणून ती सुट्टीच्या दिवशी आली होती.

"सात बाय नऊ," ती स्वतःशीच पुटपुटली.

"अच्छा, मॅडम मराठी?" टेपचं दुसरं टोक धरलेला, या खोल्या भाड्याने देणारा अंशुमन खुलला. "मग चलो, घरातलंच काम झालं."

"टेप ताठ धरा," साधना म्हणाली.

पत्र कुणी लिहिलं, हे तिने भाडेकरूंना विचारून पाहिलं. कंपनीचा निळा शर्ट वाळत घालणारा एक जण हसला. "हम लिखेंगे तो रहेंगे कहाँ, मैडम?"

ते पटण्यासारखं होतं. मग कोण?

खाली बैठकीत अंशुमनची आई, अरुणाताई, मटार सोलत बसल्या होत्या. साधनासाठी चहा आला. अंशुमन समजावणीच्या सुरात बोलू लागला.

"मी कुणाला पकडून आणत नाही, मॅडम. मानेसरच्या कारखान्यांची बस कोपऱ्यावर थांबते. पोरं उतरतात आणि स्वतः दार वाजवतात. यांना दुसरीकडे जागा देतं कोण?"

"जागा द्याच," साधना म्हणाली. "पण खाली आग लागली तर वरची सोळा माणसं उतरणार कुठून?"

अंशुमनने चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

साधनाने नोटिशीचा कागद काढला. "साठ दिवस मिळतील. जिन्याचा नकाशा आमच्याकडून फुकट काढून मिळतो, तशी योजना आहे. काम होईपर्यंत निम्मी माणसं खालच्या मजल्यावर हलवा. साठ दिवसांत काही केलं नाहीत, तर मालकावर खटला. त्यात कैदही होऊ शकते."

"हे समोरच्यांचंच काम," अंशुमन उठला. "त्यांना मजला चढवायला जमलं नाही, म्हणून माझ्यावर जळतात. आत्ता जाऊन विचारतो."

"बस खाली," अरुणाताई म्हणाल्या. "त्यांच्या दारात जायचं नाही. पत्र मी लिहिलं."

अंशुमन तसाच उभा राहिला. साधनाने पेन खाली ठेवलं.

"गेल्या महिन्यात मीटरमधून ठिणग्या उडाल्या," अरुणाताई साधनाला सांगू लागल्या. "मी खालून ओरडले. सगळे एकदम जिन्यावर आले. एकाच्या अंगावर एक. दोघं पडले. त्या दिवशी नशिबाने वीज गेली आणि निभावलं. त्याच्या आधी वर्षभर याला सांगत होते, खिडकी उघड, वायरी बदल. हा म्हणायचा, बघू."

"आई, कमाल करतेस यार," अंशुमन म्हणाला. "स्वतःच्या मुलाला कोर्टात उभं करणार होतीस?"

अरुणाताईंनी मटारचं ताट बाजूला सारलं. आत जाऊन त्या एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. तीतून घराचं खरेदीखत काढून त्यांनी साधनासमोर ठेवलं. साधनाने पहिलं पान वाचलं, मग वर पाहिलं.

"तुम्हाला कल्पना आहे ना, नोटीस कुणावर निघेल?"

"म्हणून तर पत्र टाकलं. आईचं ऐकत नाही तो. पण आईला तुरुंगात जाऊ देणार नाही," अरुणाताई म्हणाल्या. "लिहा, मालकाचं नाव, अरुणा भालचंद्र राजवाडे."